ट्रेलरचा फ्लोअर सडतो तो काठाकडून

गाडीमागे ओढायची कॅरव्हॅन बनवायला घेतलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो प्लायचा. बारा मिमी घालू की अठरा? मरीन घेऊ की साधा वॉटरप्रूफ चालेल? नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात उभं राहून विचारलं तर उत्तरही लगेच मिळतं, कारण समोरच्याला प्लायच विकायचा असतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा आहे. त्याआधी विचारायला हवं की या प्लायला खालून धरणार कोण, आणि त्याच्या चारही काठांवर काय उभं राहणार आहे.

नागपुरात हा विषय आता नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, नवेगाव-नागझिरा ही सगळी जंगलं गाडीच्या पल्ल्यात आहेत. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. मग तयार कॅरव्हॅनची किंमत ऐकली की माणूस ट्रक-बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारागिराकडे वळतो. कारागीर हुशार असतात, पण त्यांचा हात ट्रकवर बसलेला. ट्रकमध्ये जाड पत्रा आणि जाड फळ्या घातल्या की काम झालं. वजनाची फारशी चिंता नाही. इथे मात्र ओढणारी असते घरची गाडी, आणि प्रत्येक वाढलेला किलो तिच्या क्लचवर आणि ब्रेकवर येतो. म्हणून ट्रेलरचा फ्लोअर हलका हवा आणि तरी कडक हवा. सगळी कसरत या दोन गोष्टींची आहे.

(मी बोलतोय ते इंजिन नसलेल्या, ओढायच्या ट्रेलरबद्दल. इंजिनवाली कॅरव्हॅन कंपनीच्या तयार चेसिसवर बसते, तिचं गणित वेगळं.)

खाली नेमकं काय असतं

ट्रेलरची चेसिस म्हणजे मूळात दोन लांब लोखंडी चॅनल. पुढे ती त्रिकोणात एकत्र येतात आणि गाडीच्या हुकाला अडकतात. बॉडीवाले त्यांना लाँग मेंबर म्हणतात. त्यांना एकमेकांशी बांधणारे आडवे तुकडे ते क्रॉस मेंबर.

आता मेख कुठे आहे पाहा. बॉडी असते दोन-सव्वादोन मीटर रुंद, पण लाँग मेंबर एकमेकांपासून सव्वा मीटरच्या आसपास, कारण चाकं त्यांच्या बाहेरच्या बाजूला बसवायची असतात. म्हणजे दोन्हीकडे फ्लोअरची साधारण हातभर पट्टी अधांतरी राहते. आणि भिंत उभी राहते ती नेमकी याच पट्टीच्या टोकावर. खिडक्या, ओटा, वरची कपाटं, छप्पर, छपरावर कोणी हौसेनं बसवलेला सोलर पॅनल, या सगळ्याचं वजन भिंतीतून खाली उतरतं ते जिथे खाली काहीच नाही अशा जागी.

ही पट्टी धरायला लाँग मेंबरपासून बाहेर काढलेले लोखंडी हात असतात. परदेशी पुस्तकांत त्यांना आउटरिगर म्हणतात, आपला वेल्डर ब्रॅकेट म्हणतो. मुळाशी खोल आणि टोकाकडे निमुळता असा त्याचा आकार असतो, कारण एका बाजूनं धरलेल्या हातावर सगळ्यात जास्त ताण मुळाशी येतो. घराच्या बाल्कनीखालचे जुने ब्रॅकेट आठवा, त्याच कारणानं तसेच होते. हे हात वगळले किंवा कमी घातले तर प्लाय स्वतःच्या ताकदीवर भिंत पेलायला लागतो. वर्ष-दोन वर्ष पेलतोही. मग काठ किंचित खचतो, खिडकीच्या चौकटीचं सिलिकॉन ताणून फाटतं, त्या फटीतून पाणी भिंतीच्या आतून खाली येतं, प्लायच्या काठात मुरतं, काठ मऊ होतो आणि आणखी खचतो. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपणहून थांबत नाही.

दुसरी गोष्ट लोकांना पटायला वेळ लागते. ही चेसिस दिसते भक्कम, पण पिळाला कच्ची असते. एक चाक खड्ड्यात गेलं की शिडीसारखी दिसणारी ही चौकट पिळली जाते. तिला सरळ धरतो तो वरचा डबा. संत्रा बर्फीचा पुठ्ठ्याचा डबा झाकण काढून दोन टोकांना धरा आणि पिळा, सहज वाकडा होतो. झाकण घट्ट लावून पिळा, तोच पुठ्ठा ताठ राहतो. ट्रेलरमध्ये फ्लोअर, भिंती आणि छत मिळून असा बंद डबा होतो. म्हणून फ्लोअर म्हणजे वर चालायला टाकलेली फळी नव्हे, तो त्या डब्याची एक बाजू आहे. फ्लोअर आणि भिंत यांचा सांधा सैल पडला की डबा उघडला, आणि मग सगळा पीळ एकट्या चेसिसवर.

तीन-चार पद्धती

अमेरिकेतला स्वस्त ट्रेलर लाकडी वाशांवर उभा असतो. चेसिसवर आडव्या लाकडी पट्ट्या, त्यांच्यामध्ये काचलोकर (काचेच्या तंतूंची, उष्णता अडवणारी गादी), वरून प्लाय किंवा लाकडाच्या चिपा दाबून केलेला बोर्ड, आणि खालून काळं प्लास्टिकचं कापड किंवा पन्हाळी प्लास्टिकची शीट. बनवायला सोपा, दुरुस्तीलाही सोपा. दोष एकच. वरून गळलेलं पाणी खालच्या प्लास्टिकवर साचतं, काचलोकर ते शोषून घेते, आणि लाकूड महिनोन्‌महिने ओल्या गादीला टेकून बसतं. त्यात चिपांच्या बोर्डाचा काठ एकदा फुगला की परत बसत नाही.

एअरस्ट्रीम हे नाव अनेकांनी चित्रांत पाहिलं असेल, तो गोलसर चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर. वॉली बायम या माणसानं 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात तो सुरू केला. त्याच्या जुन्या ट्रेलरांची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण फ्लोअर किती महत्त्वाचा असतो ते तिथे उघडं दिसतं. चेसिसवर आणि तिच्या आउटरिगरवर प्लाय येतो. प्लायच्या काठावर सगळीकडून ॲल्युमिनियमचं यू आकाराचं चॅनल फिरवलेलं असतं, आणि त्या चॅनलमधून निघालेले बोल्ट प्लायमधून आरपार खाली आउटरिगरमध्ये जातात. भिंतीच्या बरगड्या त्या चॅनलला रिवेटनं जोडलेल्या. म्हणजे अख्खं वरचं कवच आणि खालची चेसिस यांच्यामध्ये दुवा कोण, तर प्लायचा तो चार बोटांचा काठ. तो काठ सडला की बोल्ट जागेवर असतो, चॅनल जागेवर असतं, मधलं लाकूड मात्र भुसा झालेलं. मागच्या बाजूला असं झालं की कवच चेसिसपासून सुटतं. 1970 च्या दशकातल्या, मागे संडास-बाथरूम आणि टाक्या असलेल्या मॉडेलांमध्ये हा आजार इतका प्रसिद्ध आहे की जुना ट्रेलर घेणारे आधी मागच्या बंपरवर उभं राहून हलकेच उड्या मारतात. बंपर खाली गेला आणि कवच वरच राहिलं, तर किंमत तिथेच निम्मी बोलावी.

युरोपातले लोक वेगळ्या वाटेनं गेले. त्यांचा फ्लोअर सँडविचचा: खाली पातळ प्लाय, मध्ये फोम, वर थोडा जाड प्लाय, सगळं गोंदानं एकजीव. जाडी चार सेंटीमीटरच्या आसपास, वजन अगदी कमी, आणि ताठपणा थक्क करणारा. त्यामागचं तत्त्व असं: फळी वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, मधल्या भागाला फारसं काम नसतं. मग मध्ये महाग लाकूड घालायचं कशाला? फोमनं दोन्ही थर एकमेकांपासून लांब धरले की झालं. असा फ्लोअर असला की खालची चेसिस बारीक असली तरी चालते. जर्मनीच्या आल-को कंपनीच्या गॅल्व्हनाइज्ड चेसिस याच हिशोबानं हलक्या असतात. त्या फ्लोअरच्या ताठपणाचा आधार धरूनच बनवलेल्या आहेत.

पण सँडविचचा जीव गोंदात असतो. दरवाज्यापाशी आणि ओट्यासमोर माणूस रोज पाय देतो, तिथे गोंद सुटतो, वरचा प्लाय फोमपासून वेगळा होतो आणि पायाखाली गादीसारखं लागतं, कुरकुरतं. लाकूड सडलेलं नसेल तर यावर उपाय आहे: वरच्या प्लायला थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडायची, पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारा गोंद) सिरिंजनं आत सोडायची, लाकडी गुज्ज्या म्हणजे बारीक खुंट्या ठोकायच्या आणि वाळेपर्यंत वर वजन ठेवायचं. काम चांगलं उतरतं. इथे असा फ्लोअर बनवणाऱ्याला एक सूचना: थर्माकोलला रबरी सोल्युशन लावू नका, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा गोंद वापरा.

आपल्याकडची पद्धत म्हणजे पूर्ण रुंदीची चौकोनी पाइपांची जाळी चेसिसवर वेल्ड करायची. मला ही पद्धत आवडते. अधांतरी पट्टीचा प्रश्नच राहत नाही, कारण आडवा पाइप थेट भिंतीखालपर्यंत जातो, आणि भिंतीचा उभा पाइप त्यावर वेल्ड होतो. फक्त पाइपांची टोकं उघडी सोडू नका आणि स्क्रूच्या भोकांतून आत गेलेल्या पाण्याला खालून एखादं बारीक भोक ठेवा. नाहीतर पाइप आतून गंजतो आणि बाहेरचा रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखायला दिलेला रंग, मात्र छान लाल दिसत राहतो.

आता बारा की अठरा

प्लायचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. बाराच्या जागी अठरा घातला तर जाडी दीडपट, पण ताठपणा 1.5 चा घन, म्हणजे जवळजवळ 3.4 पट. ऐकून वाटतं की मग अठराच घ्यावा. थांबा. दोन आधारांच्या बरोबर मध्ये माणसाची टाच पडली तर प्लाय किती दबेल, तेही आधारांमधल्या अंतराच्या घनावर ठरतं. म्हणजे क्रॉस मेंबर 60 सेंटीमीटरऐवजी 40 वर घेतले, तरी फायदा तोच, 3.4 पट.

चार मीटर लांब, दोन मीटर रुंद फ्लोअर धरा. प्लाय सहा मिमी जाड केला तर साधारण 33 किलो वाढतात. क्रॉस मेंबर 60 वर घेतले तर आठ लागतात, 40 वर घेतले तर अकरा. तीन जास्तीचे पाइप, 40 बाय 40, दोन मिमी जाडीचे, मिळून 14 किलोच्या आसपास. तोच ताठपणा निम्म्याहून कमी वजनात, आणि वर पाइप पाण्यानं मऊ पडत नाही. म्हणून पैसे आधी लोखंडात घाला, मग प्लायमध्ये.

प्लायची दिशाही पाहायची असते. वरच्या थराच्या रेषा क्रॉस मेंबरला काटकोनात हव्यात. सहसा त्या रेषा शीटच्या आठ फुटी लांबीच्या दिशेनं असतात. शीट वाया जाऊ नये म्हणून सुतार ती आडवी फिरवतो, आणि मग फ्लोअर का लवतो ते कुणालाच कळत नाही. दोन शीटांचा जोड नेहमी पाइपावर यावा, हवेत नको.

दर्जाबद्दल थोडक्यात. दुकानात सगळंच वॉटरप्रूफ असतं. तुम्ही शिक्का पाहा: आयएस 710 म्हणजे मरीन. त्याचा गोंद 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. पण ती परीक्षा गोंदाची आहे. लाकडाला औषध दिलेलं असलं तरी तुम्ही करवत चालवून जो काठ उघडा करता, किंवा पाइपासाठी जे भोक पाडता, तिथून पाणी रेषांच्या तोंडातून आत ओढलं जातं. लाकडात 20 टक्क्यांहून जास्त ओल टिकून राहिली की बुरशीला फावतं. म्हणून महागडा प्लाय आणून काठ कोरे सोडण्यापेक्षा मधल्या दर्जाचा प्लाय आणून त्याच्या काठाला आणि प्रत्येक भोकाला इपॉक्सीचे दोन हात देणं शहाणपणाचं. तांब्याचं औषध असलेलं लाकूड ॲल्युमिनियमला थेट टेकवू नका, ओल आली की ॲल्युमिनियम खातं. लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथेही मध्ये ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) किंवा रबराची पट्टी द्या, कारण तिथेही तेच.

कोपरा दाबून पाहा

नागपूरलगतच्या वाडी या गावाकडे एका आवारात जुना ट्रेलर विकायला उभा होता. घेणारे गृहस्थ आत जाऊन बरोबर मध्ये पाय आपटत होते आणि खूश होते, फ्लोअर दगडासारखा लागत होता. तिथला म्हातारा मिस्त्री बाहेरून म्हणाला, "साहेब, मधात कायले नाचून राहिले? कोपरा दाबा ना." मग स्वतःच आत आला. दरवाज्याजवळच्या कोपऱ्यात विनाइलचा काठ चिमटीनं उचलला आणि हातातला टोचा प्लायवर टेकवला. ठोकलं नाही, नुसता टेकवून दाबला. टोचा निम्म्याहून अधिक आत गेला. बाहेर काढला तर टोकाला काळपट, ओलसर भुगा, आणि वास भिजलेल्या गोणपाटाचा. वरचं विनाइल मात्र नव्यासारखं चकचकीत. पुढे त्यानं खिडकीखालची आतली पट्टी दाखवली. तिच्यावर चहाच्या रंगाचा एक लांबट डाग वरून खाली आला होता. पाणी खिडकीतून शिरलं होतं, सड दोन हात खाली कोपऱ्यात होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी व्हायला नको म्हणून असा कोपरा सापडला की आधी वरची खिडकी आणि छपराचे सांधे तपासायचे.

आपल्या हवेत हे सांधे सुटायला फार निमित्त लागत नाही. नागपुरात मे 2013 मध्ये पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि उन्हातला पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. डिसेंबरची पहाट ते मेची दुपार हा पत्र्याचा फरक 60 अंश धरला, तर सहा मीटर लांब ॲल्युमिनियम आठ मिमीहून थोडं जास्त वाढतं आणि तेवढंच लोखंड चार मिमीच्या आसपास. उरलेला चार मिमीचा फरक कुणीतरी सोसायचा असतो, आणि तो सोसतो सांधा. म्हणून भिंतीच्या तळाशी कडक पुट्टी किंवा एम-सील भरू नये. लवचिक पीयू सीलंट लावा आणि पावसाळ्याआधी दरवर्षी पाहा. साडेतीन-चार महिन्यांत हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तो सांधा नेमका शोधतो.

फार्महाउसवर ट्रेलर कायमचा उभा करणाऱ्यांसाठी इथली काळी माती हा वेगळाच ताप आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. चार कोपऱ्यांचे जॅक थेट मातीवर टेकवले तर एक वर येतो, दुसरा धसतो, आणि चेसिसला हळूहळू पीळ बसतो. दार घासायला लागलं की समजा तेच चाललंय. मुरमाचा थर घाला, त्यावर फरशीचे रुंद तुकडे ठेवा. शिवाय कोपऱ्याचे जॅक ट्रेलर हलू नये म्हणून असतात, वजन उचलायला नव्हेत. वजन चाकांवर किंवा एक्सलजवळ लाँग मेंबरखाली दिलेल्या स्टँडवरच राहू द्या. आणि लाकडी ठोकळे मातीत ठेवू नका, उधई त्यावरूनच वर चढते.

पाण्याची टाकी फ्लोअरवर नुसती ठेवू नका. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि स्पीडब्रेकरवर ते उसळतं. टाकी एक्सलजवळ, दोन क्रॉस मेंबरवर, लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली हवी. फ्रिज आणि बॅटरीचंही तेच.

सड सापडली तर किती कापायचं? टोचा जिथे कडक लाकडाला लागतो तिथून पुढच्या क्रॉस मेंबरच्या मध्यापर्यंत जुना प्लाय काढायचा, म्हणजे नव्या-जुन्याचा जोड लोखंडावर येतो. लोखंडाचा गंज घासून प्राइमर द्यायचा, मग नवा तुकडा रुंद चपट्या डोक्याच्या बोल्टनं आवळायचा. एक-दोन कोपरे असतील तर बॉडी न उचलता भागतं. चारही काठ गेले असतील तर मात्र वरचं कवच चेसिसवरून उचलावंच लागतं. उचलण्याआधी आतून भिंतीला भिंत धरणारे आडवे-तिरके टेकू मारून घ्या. फ्लोअर सुटला की भिंतींना खाली धरणारं काही उरत नाही, त्या बाहेर पसरतात, आणि परत बसवताना चॅनलची भोकं आउटरिगरच्या भोकांवर येत नाहीत.